समाजकार्याची पदवी : खर्च किती, कमाई किती, पैसा कुणाचा?

(जून २०१८ च्या युवा शिबिरात संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या वतीने केलेले भाषण. जे शिबिराला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी छापत आहोत. पाड्यावर बैठक लावून मोठ्याने वाचावे.)



पाऊस टेकला आहे. राब भाजून झाले, नागली-वरईच्या पेरणीची घाई आहे, तरी तुम्ही दोन दिवस काढून आलात. म्हणून आम्ही लांबण लावणार नाही. दरवेळी आपण इथे फॉरेस्ट प्लॉटबद्दल बोलतो, दाव्याबद्दल बोलतो, मोजणीबद्दल बोलतो. आज विषय वेगळा आहे, पण जमिनीशी त्याचा संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

यंदा आपल्या पाड्यांवरच्या तीन घरांतून संघटनेकडे एकच प्रश्न आला. पोर बी. ए. झाली किंवा झाला, आता एमएसडब्ल्यू करायची म्हणतो. म्हणजे समाजकार्याची मोठी पदवी. करावी का? पैसे कुठून आणावे? तीनपैकी एका घरात तर वीटभट्टीच्या शेठचा माणूस येऊन बसून गेला. "पोरीची फी आत्ताच देतो, दिवाळीनंतर जोडीने भट्टीवर या," असं सांगून गेला. आईबापांनी अजून हो म्हटलेलं नाही. म्हणूनच हे बोलणं आज झालं पाहिजे, दिवाळीनंतर नाही.

पोरांना शिकू द्या, हे संघटनेला कुणी सांगायला नको. पण शिक्षण म्हटलं की आपण हिशेब विचारत नाही. बैल घेताना दात बघतो, कौलं घेताना वाजवून बघतो, आणि दोन वर्षांचं शिक्षण घेताना मात्र कुणीतरी "चांगलं आहे" म्हणालं की पुरे. आज आपण वाजवून बघू.

ही पदवी म्हणजे काय

बारावीनंतर तीन वर्षांची बीएसडब्ल्यू असते. कोणतीही पदवी झाल्यावर दोन वर्षांची एमएसडब्ल्यू असते. मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ही आपल्या देशातली या विषयाची सगळ्यात जुनी शाळा, १९३६ साली सुरू झाली. आज जिल्ह्याजिल्ह्यांत समाजकार्याची कॉलेजं आहेत. काही अनुदानित आहेत, काही विनाअनुदानित. फीमध्ये मोठा फरक पडतो तो इथेच. नाव एक, पदवी एक, फी मात्र एका ठिकाणी एक आणि दुसरीकडे तिच्या कितीतरी पट.

या शिक्षणात नुसतं वर्गात बसणं नसतं. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य असतं, म्हणजे वस्तीत, दवाखान्यात, संस्थेत जाऊन काम करायचं आणि त्याचा अहवाल लिहायचा. त्याचं गाडीभाडं, बाहेरचं जेवण, वह्या, झेरॉक्स हे सगळं फीच्या कागदावर लिहिलेलं नसतं. ते आपण धरायला विसरतो.

खर्च : मजुरीच्या दिवसांत मोजू

रुपयांत मोजलं तर आकडा डोक्यावरून जातो. म्हणून आपण दिवसांत मोजू. यंदा आपल्या राज्यात रोजगार हमीचा दर दिवसाला २०३ रुपये आहे. हा आपला गज.

पहिला खर्च, शहरात राहण्या-खाण्याचा. सरकारनेच त्याचा अंदाज केला आहे. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. ज्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्याच्यासाठी. त्यात मुंबई-ठाणे-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये धरले आहेत : जेवणाचे ३२,०००, खोलीचे २०,०००, बाकीचे ८,०००. त्याहून लहान शहरांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. मुंबईत साठ हजारांत वर्ष निघतं का, हे तिथे राहिलेल्या पोरांना विचारा, ती हसतील. तरी आपण सरकारचाच आकडा घेऊ. दोन वर्षांचे १,२०,०००.

दुसरा खर्च, बुडालेली मजुरी. हा खर्च कुणी मोजत नाही, कारण त्यात खिशातून काही जात नाही. पण घरात दोन हात कमी होतात. वर्षात २०० दिवस मजुरी धरली तर ४०,६०० रुपये. दोन वर्षांचे ८१,२००. काम दोनशे दिवस मिळतंच कुठे, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण आवणीला, कापणीला, झोडणीला घरच्या शेतात जे हात लागतात त्यांची मजुरी कुणी देत नाही, ती यात आलीच असं समजा.

तिसरा खर्च, फी. ती कॉलेजागणिक वेगळी. आपण विनाअनुदानित ठिकाणी वर्षाला ४०,००० धरू, दोन वर्षांचे ८०,०००. तुमचं कॉलेज वेगळा आकडा सांगेल, तो इथे घाला आणि पुन्हा बेरीज करा. रीत तीच राहील.

आता बेरीज. १,२०,००० अधिक ८१,२०० अधिक ८०,०००, म्हणजे २,८१,२०० रुपये. २०३ ने भागा. १,३८५ दिवस. दोनशे दिवसांच्या हिशेबाने एका माणसाची जवळजवळ सात वर्षांची मजुरी.

घाबरू नका. हे सगळं आपणच भरायचं असेल तर. कोण भरणार, हाच तर आजचा प्रश्न आहे.

कमाई

आता दुसरी बाजू. ही पदवी घेऊन काय मिळतं?

काही सरकारी जागा आहेत. आश्रमशाळेचा अधीक्षक, आदिवासी वसतिगृहाचा गृहपाल या जागांना समाजकार्याचं शिक्षण विचारलं जातं. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतो. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४९ प्रमाणे ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा लागतो. या नोकऱ्या खऱ्या आहेत, पगारही बरा आहे. पण जागा मोजक्या, भरती वर्षानुवर्षं निघत नाही, आणि निघाली की एका जागेला रांग लागते. मिळाली तर चांगलंच. पण मिळेलच असं धरून कुणी कर्ज काढू नये.

बहुतेक पोरांना काम मिळतं ते संस्थेत, प्रकल्पावर. कुपोषणाचा प्रकल्प, पाणलोटाचा प्रकल्प, शाळाबाह्य मुलांचा प्रकल्प. ऑर्डर अकरा महिन्यांची. प्रकल्प संपला की काम संपलं. सुरुवातीला महिना १२,००० धरू. कुठे जास्त असेल, कुठे कमी. अकरा महिन्यांचे १,३२,००० झाले. तालुक्याला खोली, जेवण, फिरणं यांचे महिना ५,००० म्हणजे वर्षाचे ६०,००० गेले. उरले ७२,०००. घरी राहून मजुरी केली असती तर ४०,६००. म्हणजे पदवीमुळे वर्षाला जास्तीचे आले ३१,४००.

आता खर्च भरून निघायला किती वर्षं लागतील ते तीन प्रकारे बघू.

१) फीसुद्धा आपण, राहणंखाणंही आपण : खर्च २,८१,२००. भरून निघायला नऊ वर्षं.

२) शिष्यवृत्तीतून फी माफ, राहणंखाणं आपलं : खर्च २,०१,२००. भरून निघायला सुमारे साडेसहा वर्षं.

३) फी माफ, आणि वसतिगृह किंवा स्वयं योजना मिळाली : बुडालेली मजुरी तेवढी आपली, ८१,२००. भरून निघायला दोन वर्षं सात महिने.

नीट बघा, साथींनो. पोर तीच, पदवी तीच, नोकरी तीच, पगार तोच. तरी एका घराला नऊ वर्षं आणि दुसऱ्या घराला तीन वर्षांच्या आत. "ही पदवी परवडते का" असा प्रश्न आपण विचारत होतो, तो अर्धाच आहे. पदवी परवडते की नाही हे तिच्यावर ठरत नाही, पैसा कुणाचा लागला यावर ठरतं.

हे सरकारलाही ठाऊक आहे आणि कॉलेजांनाही. याच फेब्रुवारीत टाटा इन्स्टिट्यूटची मुलं मुंबईला, तुळजापूरला संपावर बसली. ज्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती लागू आहे, त्या आदिवासी, दलित मुलांना आधी वसतिगृहाचे आणि खाणावळीचे पैसे भरावे लागत नव्हते, ती सवलत काढून घेतली म्हणून. ती मुलं ज्याच्यासाठी बसली तो हाच फरक आहे : तीन वर्षं की नऊ वर्षं. एवढी सवलत गेली की गरिबाचं पोर आपोआप गळतं. दार कुणी बंद करत नाही, उंबरा तेवढा वर करतात.

बयाणा आणि लग्नगडी

आता तो भट्टीवाल्याचा पैसा. वरच्या तीन प्रकारांत तो कुठेच बसत नाही. त्याचा चौथा प्रकार आहे, आणि त्याला वर्षं मोजता येत नाहीत.

शेठ बयाणा देतो तो व्याज सांगत नाही. चांगला वाटतो. पण मग दिवाळीनंतर पाऊस येईपर्यंत आईबाप भट्टीवर. धाकटी पोरं बरोबर, त्यांची शाळा सुटली. किती हजार विटा पडल्या हे मालकाच्या वहीत. खर्चीचे पैसे त्याच वहीत. पावसाच्या तोंडाला हिशेब होतो तेव्हा बयाणा फिटलेला नसतो, पुढच्या साली परत जायचं असतं. एका पोरीच्या शिक्षणासाठी दोन धाकट्यांचं शिक्षण गेलं, आणि दावा मंजूर झालेला प्लॉट उन्हाळाभर ओस पडला. बांध कोण घालणार? राब कोण करणार? मोजणीला माणूस आला तर हद्द कोण दाखवणार?

म्हाताऱ्या माणसांना आम्ही नवीन काही सांगत नाही. याच मुलखात, तलासरी-डहाणू-उंबरगावकडे, आपले आजे-पणजे लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेत आणि त्यापायी नवराबायको दोघं त्याच्या घरी राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. पैसा लग्नाचा होता, चांगल्या कामाचा होता. गुलामी मात्र खरी होती. १९४५ साली वारली उठले आणि वेठ, लग्नगडी ही पद्धत मोडली. पुढे १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध देशाचा कायदा झाला. आगाऊ पैसे देऊन माणूस बांधून ठेवणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. आज लग्नाच्या जागी फी येऊ नये, एवढंच आमचं म्हणणं आहे. शिक्षणासाठी घेतला म्हणून बयाणा पवित्र होत नाही.

आणखी एक. कुणी म्हणेल, बयाणा नको तर प्लॉटच्या पट्ट्यावर पैसे उचलू. वनहक्क कायद्याचं कलम ४ मधलं पोटकलम ४ वाचा. पट्टा वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. लग्न झालेल्यांचा पट्टा नवराबायको दोघांच्या नावावर असतो. त्यामुळे सावकार कागद ठेवून घेईल, तरी जमीन त्याची होणार नाही. पण तो पीक उचलतो, आणि आपल्या माणसाला वाटतं की जमीनच गेली. म्हणून कागद घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, कोणत्याही कारणासाठी.

जे बेरजेत येत नाही

शिबिरात काल एक आजी म्हणाल्या, "पोर शिकून आपली राहील का साहेबीण होईल?" सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

समाजकार्य म्हणजे काय? लोकांना एकत्र बसवणं, त्यांचं म्हणणं कागदावर आणणं, कचेरीत पाठपुरावा करणं, आजारी बाळंतिणीला दवाखान्यात नेणं. हे आपण करतच आहोत. आपल्या वनहक्क समित्यांमध्ये दहा ते पंधरा माणसं असतात. सातवी नापास आहेत, अंगठेबहाद्दर आहेत. त्यांनी दावे भरले, नकाशे काढले, जबाब घेतले. कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही की समितीवर पदवीधर हवा. उलट नियम १३ प्रमाणे गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून घेतलं तर तो पुरावा धरला जातो. म्हणजे ज्या आजीने हा प्रश्न विचारला, तिच्या बोलण्याला कायद्यात जागा आहे. एमएसडब्ल्यूच्या सर्टिफिकेटला नाही.

मग पगार कुणाला मिळतो? आपल्याला नाही. १९९२ च्या सुमारास जव्हारकडे वावर-वांगणीत बालकं दगावली. पेपरात आलं. त्यानंतर या भागात प्रकल्प आले, गाड्या आल्या, पगारी माणसं आली. त्यांतल्या काहींनी जीव लावून काम केलं, ते आपण विसरत नाही. पण आपल्या दुखण्यावर ज्या नोकऱ्या उभ्या राहिल्या, त्यांत आपली पोरं किती होती? चहा करायला, वाट दाखवायला, सर्व्हेचे फॉर्म भरायला होती. अहवालावर सही करायला नव्हती. म्हणून आपल्या पोरांनी ही पदवी घ्यावी असं आम्हाला वाटतं. जे काम आपण फुकट करतो त्याचा मोबदला आपल्या घरात यावा, आणि आपल्याबद्दल जे लिहिलं जातं ते आपल्यातल्या कुणीतरी लिहावं.

पदवीने फायदा होतो, हे खोटं नाही. गोदावरी परुळेकर वकिली शिकलेल्या होत्या. त्या शिक्षणाचा वारल्यांना उपयोग झाला. पण उठले ते वारली, मार खाल्ला तो वारल्यांनी. शिक्षणाने त्यांच्या शेजारी बसायचं होतं, त्यांच्या डोक्यावर नाही. याच मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला हजारो माणसं चालत गेली, त्यात फॉरेस्ट प्लॉटवाली किती होती! पायाला फोड आले ते पदवी विचारून आले नाहीत. शिकलेल्या पोरांनी एवढं लक्षात ठेवलं तर आजींना उत्तर मिळालं.

आणि पोरांनो, तुम्हालाही आम्ही बांधून घालणार नाही. शिकून संघटनेचंच काम करा, अशी अट कुणी घालू नये. फी सरकारची, घाम आईबापांचा, आयुष्य तुमचं. संस्थेत जा, दवाखान्यात जा, कारखान्यात कल्याण अधिकारी व्हा. फक्त पाड्यावर याल तेव्हा चप्पल बाहेर काढून, खाली बसून बोला.

आता करायचं काय

एक : प्रवेशाआधी घरात हिशेब मांडा. कॉलेजकडून पूर्ण फीचा कागद लेखी मागा, नुसत्या ट्यूशन फीचा नको. क्षेत्रकार्य, परीक्षा, वसतिगृह, खाणावळ सगळं त्यात हवं. मग आम्ही मांडला तसा हिशेब दिवसांत करा.

दोन : आधी अनुदानित कॉलेज बघा, आणि शिष्यवृत्तीच्या मुलाकडून प्रवेशाला किती पैसे आगाऊ घेतात ते विचारा. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती लागू होते. पैसा उशिरा येतो. त्या मधल्या काळात घर कसं निभावेल तेही ठरवून ठेवा.

तीन : कागद आत्ता गोळा करा. जातीचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचं खातं आधारला जोडलेलं. बऱ्याच ठिकाणी जात वैधताही मागतात, आणि तिला महिने लागतात. कातकरी पाड्यांवर जुने कागदच नाहीत, तिथल्या पोरांनी संघटनेच्या कचेरीत लगेच यावं.

चार : आधी सरकारी वसतिगृहाला अर्ज करा. तिथे जागा नाही मिळाली तरच स्वयं योजना. वसतिगृहाचा अर्जच केला नाही तर पुढचं दार उघडत नाही.

पाच : ज्याला घर सोडता येत नाही त्याला इग्नूची एमएसडब्ल्यू दूरशिक्षणाने करता येते. क्षेत्रकार्य तिलाही आहे. पण आवणी-कापणीला हात घरी राहतात. हिशेब करताना हाही रकाना ठेवा.

सहा : फीसाठी भट्टीचा बयाणा कुणीही घ्यायचा नाही. अडचण असेल तर ग्रामसभेत सांगा. लाज कसली? प्रत्येक पाड्याने घरटी थोडं भात किंवा पैसा काढून शिक्षणाची पेटी करावी, असं शिबिरात ठरलं आहे. पेटीतून मिळेल ती उचल असेल, दान नाही. शिष्यवृत्ती आली की परत टाकायची. वही ग्रामसभेसमोर वाचायची, शेठच्या खोलीत नाही.

सात : शिष्यवृत्ती थकली, कॉलेजने दाखला अडवला, तर ते एकट्या पोराचं दुखणं समजू नका. यादी करा. प्रकल्प कार्यालयावर आपण प्लॉटसाठी जातो तसे यासाठीही जाऊ. पोरांच्या फीचा पैसा हाही हक्काचाच पैसा आहे.

त्या तीन घरांना आमचं उत्तर असं : पोरांना पाठवा. शेठच्या माणसाला परत पाठवा. पुढच्या आठवड्यात कागद घेऊन कचेरीत या, आपण बसून अर्ज भरू. ज्या घरात बोलणं चाललं आहे तिथे आजच कुणीतरी जाऊन बसा, एकटं सोडू नका.

पेरणी आटोपली की भेटू. जिंदाबाद!